नकाशात न दाखवलेली खोली

आम्हाला फक्त एक न्हाणीघर बांधायचं होतं. संडास धरून सहा फूट बाय पाच फूट, स्वयंपाकघराच्या मागच्या दाराला लागून. एवढ्या जागेत धड एक मोटारगाडीही मावत नाही.

घर आमचं दोन मजल्यांचं, अरुंद. बांधणाऱ्याने न्हाणीघर वर काढलं होतं आणि आई धडधाकट होती तोवर त्याचं कुणाला काही वाटलं नाही. मग ती बाजारात घसरून पडली. खुब्याचं हाड जुळलं, पण जिना सुटला तो सुटलाच. रोज सकाळी सातला माझा धाकटा भाऊ दोन गल्ल्या पलीकडून यायचा, आईला पाठीवर घेऊन सतरा पायऱ्या चढायचा, वर कठड्याला टेकून तिचं होईपर्यंत थांबायचा, तिला खाली आणायचा आणि कामावर पळायचा. दिवसभराचं बाकीचं सगळं स्वयंपाकघरात पडद्यामागे, भांड्यात. आई जन्मभर टापटिपीत राहिलेली बाई. दुपारी चारनंतर तिने पाणीच सोडलं. "तहान लागत नाही गं," म्हणायची. ओठांच्या साली निघालेल्या असायच्या.

मी वजनमापं तपासते. दुकानांतून जाऊन काटे, मापं, टेप तपासायचे, बरोबर असतील तर शिक्का मारायचा, खोटे असतील तर जप्त करायचे. सव्वीस वर्षं झाली. हे सांगायचं कारण इतकंच, की एक फूट म्हणजे किती हे मला कुणी शिकवायला नको.

नकाशा गल्लीच्या तोंडाशी बसणाऱ्या काकांनी काढून दिला. गेली चाळीस वर्षं ते हेच करतात. आहे ते काळ्या रेघेत, नवीन बांधायचं ते लाल, पाडायचं ते पिवळं. आमच्या नकाशात सगळं काळं आणि मागे एक लाल चौकोन होता. काका म्हणाले, "एवढ्याशा कामाला तीन आठवडे, फार तर चार."

पाचव्या आठवड्यात पत्र आलं. 'मागील बाजूस अस्तित्वात असलेली खोली नकाशात दर्शविलेली नाही. सबब प्रस्ताव त्रुटीत ठेवण्यात येत आहे.'

मी पत्र हातात घेऊन परसात गेले. स्वयंपाकघराच्या भिंतीपासून कुंपणाच्या भिंतीपर्यंत चौदा फूट मोकळी जमीन. दोन खांब, त्यांच्यामधली कपड्यांची दोरी. बस. खोली सोडा, तिथे कधी कोंबडीचं खुराडंही नव्हतं. मला हसू आलं. ते शेवटचं.

बांधकाम परवानगीची कचेरी दुसऱ्या मजल्यावर. तिथेही जिनाच. खिडकीपाशी एक कारकून बसायचा, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. मी मनात त्याचं नाव दोरीवाला ठेवलं.

"साहेब, ही दुसऱ्या कुणाची तरी त्रुटी माझ्या फाइलला लागलीय."

त्याने चष्मा चढवला, फाइल उघडली, घर क्रमांक बोटाने दाखवला. आमचाच.

"पण माझ्या घरामागे खोली नाहीये!"

"फाइलला आहे, बाई."

"फाइलला असेल. जमिनीवर नाही."

"मग तसा अर्ज द्या. पाहणी होईल." त्याने चष्मा उतरवला, म्हणजे माझं काम संपलं.

त्या पाहणीसाठी मी चार वेळा खेटे घातले. एकदा साहेब रजेवर, एकदा शिक्का सापडेना, एकदा अर्ज चुकीच्या खिडकीत गेलेला. प्रत्येक वेळी जिना उतरताना मी पायऱ्या मोजायची. सव्वीस. दात इतके आवळलेले असायचे की संध्याकाळी जबडा दुखायचा.

शेवटी इंजिनिअर आला, दिवसाढवळ्या अकरा वाजता. चाळिशीचा, इस्त्रीचा शर्ट, बोलायला मऊ. बूट दाराबाहेर काढून आत आला, आईला नमस्कार केला. मला वाटलं, चला, माणूस भेटला एकदाचा.

परसात आल्यावर त्याने टेपचं एक टोक माझ्या हातात दिलं. "इथे धरा." ऊन रणरणत होतं. तो दोरीखालून पलीकडे गेला, टेप ताणला, आकडा लिहिला. मग काटकोनात वळला, परत ताणला, परत लिहिलं. एका ठिकाणी उंबरा ओलांडावा तसा पाय जरा उंच उचलून टाकला. मी काही बोलणार, तोच म्हणाला, "दहा बाय आठ. सही करा."

"कशावर सही करू? तुम्ही मोजलंत काय?"

"खोली."

"अहो, तुम्ही उन्हात उभे आहात! घाम पुसताय!"

त्याने रुमाल खिशात ठेवला. कागदावर आणखी एक ओळ लिहिली. मी वाकून वाचली. 'खोली वापरात आहे.'

"कोण वापरतं?" माझा आवाज चढला.

"ते आमच्या फॉर्ममध्ये विचारत नाहीत," तो म्हणाला. टिंगल करत असता तर मी त्याला तिथेच सरळ केला असता. पण तो अगदी मनापासून बोलत होता. बूट घालताना आईला "येतो" म्हणाला, आणि परसाच्या दिशेनेही मान लववली.

तो गेल्यावर मी खात्याचा पोलादी टेप काढला, प्रमाणित केलेला. भिंतीपासून भिंतीपर्यंत चौदा फूट. तीनदा मोजलं, तिन्ही वेळा चौदा. मी ते आकडे तारीख घालून वहीत लिहिले आणि वहीवर मूठ आपटली.

कपड्यांची गोष्ट त्यानंतर ध्यानात आली. आईच्या चादरी रोज धुवाव्या लागायच्या. दोरीच्या दोन टोकांच्या चादरी दुपारपर्यंत कडक वाळायच्या. मधल्या दोन संध्याकाळीही ओल्याच. वारा सुटला की टोकाच्या फडफडायच्या, मधल्या स्थिर लोंबत राहायच्या. नाकाशी नेल्या तर बंद कपाटाचा वास. मी आवळलेल्या मुठीने दोरीच्या मधोमध उभी राहिले आणि मोठ्याने म्हटलं, "काय तमाशा आहे हा?" परसात, आभाळाखाली, माझा आवाज घुमला. चार भिंतींत घुमतो तसा.

मी चादरी काढल्या आणि तेव्हापासून कपडे पुढच्या गच्चीवर घालायला लागले. कारण शोधायला मला सवड नव्हती.

सवड नव्हती, कारण त्याच आठवड्यात धाकट्याचा पाय अकराव्या पायरीवर सटकला. आई पाठीवर होती. त्याने कठडा धरला, तिला वरच्या बाजूला ढकललं आणि स्वतः पाच पायऱ्या घसरत आला. तिचं कोपर सोललं, त्याचा खांदा निखळला. मी धावत आले तेव्हा आई पायरीवर बसून आपला पदर आणि त्याचे केस एकदमच नीट करत होती. पाऊण महिना त्याला काहीही उचलायची बंदी. आई भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "आता जेवणही कमी करते मी."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तडक काकांकडे गेले.

काकांनी सगळं ऐकून घेतलं. नकाशा पसरला, पेन्सिल कानावरून काढली. "ताई, भांडून फाइल हलत नाही. आपण खोली दाखवू."

"नसलेली?"

"पिवळ्यात दाखवू. पाडणार म्हणून लिहून द्या. नाहीच म्हणता ना? मग पाडायला कष्ट तरी कुठले?"

त्यांनी दहा बाय आठचा पिवळा चौकोन रंगवला. दाराची जागाही दाखवली, आमच्या स्वयंपाकघराच्या दारासमोर. मी विचारलं, दार तिथेच कशावरून? काका ब्रश धुवायला लागले. "दार कुठेतरी लागतंच," म्हणाले.

दोरीवाल्याने प्रतिज्ञापत्राचा छापील नमुना पुढे सरकवला. "वाचून सही करा, बाई."

"वाचायचं काय त्यात? तुमच्याच थापा, तुमच्याच शब्दांत!"

"वाचून करा," तो परत म्हणाला. पहिल्यांदाच त्याने माझ्याकडे पाहिलं. "नंतर आमच्यावर यायला नको."

मी वाचलं. 'सदर खोली रिकामी करून पाडण्यात येईल. खोलीतील व्यक्तींची सोय करण्याची जबाबदारी अर्जदाराची राहील.' मी सही इतकी दाबून केली की पेनाचं टोक कागदातून आरपार गेलं.

आठ दिवसांत मंजुरी आली. सहा महिने जे हललं नव्हतं, ते आठ दिवसांत. फक्त एक अट होती. काम सुरू करण्याआधी पाडकामाची पाहणी.

तोच इंजिनिअर, तीच अकराची वेळ. गवंडी विटा उतरवून बाहेर बसला होता. धाकटा खांद्याला झोळी बांधून आईजवळ. स्वयंपाकघराचं दार सताड उघडं.

इंजिनिअर परसात फिरला. या वेळी पाय उचलून टाकला नाही. हात पसरून इकडून तिकडे गेला, समाधानाने मान हलवली.

"छान. भिंती काढल्यात. राडारोडाही उचललात."

मी ओठ चावला. एक शिक्का, बस, एक शिक्का.

त्याने शिक्का काढला. शाईच्या डबीवर टेकवला. मग थांबला.

"आणि त्यांना कुठे हलवलंत?"

"कुणाला?"

"आतल्यांना. इथे रकाना आहे. रिकामा सोडता येत नाही."

सहा महिने. पडद्यामागचं भांडं. आईचे फुटलेले ओठ. पाच पायऱ्या घसरत आलेला माझा भाऊ. आणि हा इस्त्रीचा माणूस मला रकाना दाखवत होता.

"माझ्या घरात ठेवलंय!" मी ओरडले. "लिहा! सगळ्यांना माझ्या घरात घेतलंय मी! आणखी काही?"

गवंडी उठून उभा राहिला. आत धाकटा म्हणाला, "ताई, अगं हळू."

इंजिनिअरने शांतपणे लिहिलं. सावकाश, सुवाच्य अक्षरात. मग शिक्का मारला.

"आणखी काही नाही," तो म्हणाला, आणि दारापासून दूर, बाजूला सरून उभा राहिला.

वारा नव्हता. परसातून स्वयंपाकघरात गार हवा शिरली. थोडी थांबून आणखी थोडी. मग आणखी.

आईने खाटेवर पाय जवळ घेतले.

"कोण आलं गं?" तिने विचारलं.

"कुणी नाही," मी म्हटलं.

 धाकटा आपली खुर्ची भिंतीकडे सरकवत होता.

न्हाणीघर सोळा दिवसांत उभं राहिलं. खरखरीत फरशी, धरायला दोन दांडे, बसायला ओटा. गवंड्याने नेटकं काम केलं. फक्त जेवायला तो घरात आला नाही, बाहेर विटांवर बसून जेवला. धाकट्याचा खांदा बरा झाला. आता तो रविवारीच येतो आणि उभ्या उभ्या जातो. "तुमच्याकडे गर्दी वाटते," एकदा बोलून गेला आणि स्वतःच ओशाळला. आम्ही दोघीच तर असतो.

परसात चादरी या टोकापासून त्या टोकापर्यंत सारख्या वाळतात. घरात मात्र आमचा आवाज बदललाय. माणसांनी भरलेल्या खोलीत बोलावं तसा तो लगेच विरतो. मी कचेरीत जाऊन तक्रार करणार होते. तीनदा अर्ज लिहायला बसले. काय लिहू? जे मी ओरडून सांगितलं होतं, तेच त्यांनी लिहून घेतलं होतं.

आई खूश आहे. काठी टेकत स्वतः जाते, स्वतः येते. ओठ भरून आलेत. संध्याकाळी पेलाभर पाणी पिऊन पेला पालथा घालते.

काल दुपारी मी कामावरून लवकर आले. आई स्वयंपाकघरात स्टुलावर बसली होती, खांद्यावर टॉवेल, हात काठीवर. न्हाणीघराचं दार लावलेलं.

"अशी का बसलीस? जा ना."

"जाते की. घाई काय आहे?"

"आत कुणी नाहीये, आई."

ती माझ्याकडे बघत राहिली. लहान मूल चारचौघांत काहीतरी भलतंच बोललं की आया बघतात, तशी.

माझा पारा चढला. याच दारासाठी मी सहा महिने झिजले होते. ज्या बाईसाठी ते बांधलं, ती बाहेर ताटकळत बसणार? मी तरातरा गेले आणि दार ढकललं. हललं नाही. खांदा लावून ढकललं. कडी आतून होती.

"असं धडाधडा वाजवू नये गं," आई हळू आवाजात म्हणाली.

मी हात मागे घेतला.

आत पाण्याचा आवाज नव्हता. काहीच नव्हतं. मग कडी सरकली. सावकाश, कुणाला त्रास होऊ नये अशी. दार हातभर उघडलं. आतली फरशी कोरडी होती.

"झालं बघ," म्हणून आई काठी टेकत उठली.

ती आत गेली आणि तिने कडी लावली. मी दारासमोर उभी होते. पाय दुखत होते, डोक्यात अजून राग ठणकत होता. चहा टाकावा म्हणून ओट्याकडे वळायचं, तर त्याआधी मी एक पाऊल मागे घेतलं, पाठ भिंतीला लावली, साडीच्या निऱ्या आवरून धरल्या आणि थोडा वेळ तशीच थांबले.

अरुंद जागेत आपण कुणाला पुढे जाऊ देतो, तशी.