वर्दाचा थांबा

"चल गं वर्दा! चल माझी राणी! अगं, आता तरी चल ना!"

बाबांनी लगाम हलवून पाहिला, जिभेने टकटक करून पाहिली, लाडीगोडी लावून पाहिली. आता हात जोडायचेच काय ते बाकी होते! पण वर्दा ढिम्म. अन्फूशी मोहल्ल्याच्या अरुंद गल्लीत, एका भल्यामोठ्या फलकासमोर ती चारही पाय रोवून उभी होती. फलकावर समुद्रकाठच्या किल्ल्याचं रंगीत चित्र होतं आणि खाली ठळक अक्षरं होती, 'या, अलेक्झांड्रियाचा इतिहास पाहा!'

"काय हो, हेही प्रेक्षणीय स्थळ आहे का?" गाडीतल्या कैरोच्या पाहुण्याने विचारलं.

"आमच्या घोडीला तरी तसंच वाटतंय!" मागच्या पायरीवर लटकलेला शेजारचा मुरसी खिदळला.

बाबांच्या शेजारी बसलेल्या बुसैनाने वळून डोळे वटारले. तिला मुळीच हसू येत नव्हतं. सलग चौथा दिवस! सुट्टी लागली तेव्हा गाडी समुद्राच्या कडेकडेने कशी झोकात जायची! मग गटाराच्या कामासाठी किनाऱ्याचा रस्ता खणला आणि सगळ्या घोडागाड्या या गल्लीतून वळवल्या. तेव्हापासून वर्दा इथे आली की थांबायची, मान वळवून गाडीवानाच्या जागेकडे बघत राहायची आणि मनात येईल तेव्हाच पुढे निघायची.

बाबांचा हात चाबकाकडे गेला आणि तसाच परत आला.

"गिद्दो असते तर..." ते पुटपुटले.

गिद्दो म्हणजे बुसैनाचे आजोबा. वर्दा त्यांची लाडकी. हिवाळ्यात ते गेले, तेव्हा बाबा कुवेतची बारा वर्षांची नोकरी सोडून परतले आणि त्यांनी वडिलांचा लगाम हाती घेतला. पण गिद्दो वर्दाशी काय बोलायचे, कुठे वळायचे, कुठे विसावायचे, यातलं बाबांना काहीच ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं बापलेकांची भेट व्हायची ती पत्रांतूनच.

तेवढ्यात सुशोभन समितीचे रऊफ साहेब तरातरा आले.

"पुन्हा तुमचीच गाडी! गुरुवारी संचालकबाई पाहणीला येणार आहेत. तेव्हा ही म्हातारी अशी अडून बसली, तर पाहुण्यांच्या गाड्यांच्या यादीतून तुमचं नाव बाद! आणि ए पोरांनो, माझी सिमेंटची बारा पोती गायब आहेत. तुमचंच काम असणार!"

"आम्ही काय सिमेंट खातो?" मुरसीशेजारी लटकलेली त्याची सात वर्षांची बहीण कोकी ठसक्यात म्हणाली. साहेब लालबुंद झाले!

त्या दिवशी जेवताना बाबांनी घास हातातच धरला होता. "यादीतून नाव गेलं, तर वर्दाला ठेवून घ्यायचं कसं? कर्मूझचा भाजीवाला तिला घ्यायला तयार आहे. ओझी ओढावी लागतील तिला."

बुसैनाने ताट बाजूला सारलं. गिद्दोंची वर्दा आणि भाजीच्या गाडीला?

दुसऱ्या दिवशी सकाळीच तिघं फलकासमोर हजर झाली.

"ती उगाच थांबत नाही," बुसैना म्हणाली. "गिद्दो म्हणायचे, वर्दा माणसांपेक्षा जास्त लक्षात ठेवते."

"मग तिलाच विचार की!"

"मुरसी, तोंड मिट आणि फलक ठोकून बघ."

ठक ठक. ठक ठक. मग एकदम, बद्द!

"पोकळ आहे!" तिघंही ओरडली.

खाली वीतभर फट होती. कोकी सळसळत आत शिरली. बराच वेळ फक्त तिचं शिंकणं ऐकू येत होतं.

"कोकी! काय दिसतंय?"

"पोती! सिमेंटची! मोजते हं... बारा!"

मुरसी पोट धरून हसायला लागला. साहेबांची माणसं स्वतःच पोती आत टाकून विसरली होती!

"आणि भिंतीत संगमरवरी कुंड आहे," आतून आवाज आला. "त्याच्याखाली जमिनीवर लांबच लांब दगडी हौद. आणि एक तुटकी साखळी लोंबतेय."

साखळी? बुसैना तशीच तबेल्याकडे पळत सुटली. गाडीवानाच्या बाकाखाली गिद्दोंचा तांब्याचा पेला वर्षानुवर्षं लटकत होता. त्याच्या कानाला साखळीच्या तीन कड्या होत्या. त्या कशाच्या, हे कधी कुणी विचारलंच नव्हतं. तिने पेला आणून फटीतून आत सरकवला.

"तश्शाच कड्या!" कोकी किंचाळली.

हा आरडाओरडा ऐकून समोरचे इस्त्रीवाले काका, अम्म बयूमी, बाहेर आले. चार वर्षांपूर्वीच ते इथे दुकान थाटून बसले होते आणि तेव्हाही हा फलक इथे होताच. त्यांनी वाकून आत नजर टाकली आणि त्यांचा चेहराच पालटला.

"अरे, ही तर सबील! जाणाऱ्या-येणाऱ्यांसाठी कुण्या भल्या माणसाने बांधलेली पाणपोई. वरचं कुंड माणसांना, खालचा हौद जनावरांना. इतिहासाच्या चित्रामागे इतिहासच कोंडला की यांनी!"

"मग रऊफ साहेबांना सांगू या?" मुरसीने विचारलं.

"ते म्हणतील, कागदावर नाही म्हणजे नाहीच," बुसैना म्हणाली. "आपण नाही सांगायचं. वर्दाच सांगेल!"

त्या आणि पुढच्या दुपारी, गल्ली जेवून आडवी झाली की चौघं कामाला लागत. अम्म बयूमींनी फलकाच्या एका बाजूच्या तारा सोडल्या. पोती बाहेर ओढली, कचरा उपसला, कुंड आणि हौद घासून लख्ख केले. बुसैनाच्या हातांना फोड आले, पण तिने ते कुणाला दाखवले नाहीत. गुरुवारी सकाळी अम्म बयूमींच्या नळावरून बादल्यांमागून बादल्या आणून दोन्ही भरले आणि फलक परत लावून त्याला कपडे वाळवायची दोरी बांधली.

संचालक ईनासबाई बाबांच्याच गाडीत बसल्या. रऊफ साहेब शेजारी. बुसैना बाबांजवळ अंग चोरून बसली होती.

गल्ली आली. फलक आला. वर्दा थांबली.

"पाहिलंत?" साहेब जवळजवळ आनंदाने ओरडले. "ही घोडी बादच केली पाहिजे!"

"मुरसी, ओढ!" बुसैना ओरडली.

मुरसी आणि अम्म बयूमींनी दोरी खेचली. फलक दारासारखा कुरकुरत उघडला. उन्हात पांढराशुभ्र संगमरवर चमकला आणि वर्दाने एक पाऊल पुढे टाकून हौदात तोंड घातलं! गल्लीभर तिच्या पाणी पिण्याचाच आवाज.

ईनासबाई खाली उतरल्या. "रऊफ साहेब, हे तुमच्या नकाशात का नाही?"

"ते... मागच्या साहेबांनी..."

"आणि ही घ्या तुमची बारा पोती!" कोकीने बोट दाखवलं. "दगड झालीत आता!"

सगळे खो खो हसले. पण वर्दाचं पिऊन झालं, तरी ती जागची हलेना! बाबांनी लगाम हलवला. ती मान वळवून पुन्हा त्यांच्याकडेच बघत राहिली.

"आता हिला काय हवंय?" साहेबांना धीर आला.

बुसैनाला तबेल्यातल्या जुन्या सकाळी आठवल्या. वर्दाने चारा खाऊन संपवल्याशिवाय गिद्दो स्वतःच्या भाकरीला हात लावत नसत. 'आधी ती, मग मी.' इथेही तसंच असणार!

"बाबा," बुसैना म्हणाली, "ती तुमच्यासाठी थांबलीय. तिचं झालं. आता तुम्ही प्यायचं."

बाबा सावकाश उतरले. बुसैनाने बाकाखाली परत टांगलेला तो पेला त्यांनी काढला, कुंडात बुडवला आणि घटाघट रिकामा केला. मग ते तिथेच वर्दाच्या मानेवर कपाळ टेकवून उभे राहिले. त्यांचे डोळे भरून आले होते. ते वर चढून नीट बसतात न बसतात, तोच लगाम न हलवता वर्दा टापा वाजवत निघाली!

पाणपोईला पाणी पुन्हा जोडायचा हुकूम ईनासबाईंनी त्याच दिवशी दिला. मुलांना जवळ घेऊन त्या म्हणाल्या, "आम्ही मोठमोठे लोक चित्र बघत बसलो. मागे डोकावलात ते तुम्ही!" पाहुण्यांच्या गाड्यांच्या यादीत वर्दाचं नाव पहिलं लागलं. अम्म बयूमींनी साखळी जोडून दिली आणि पेला आपल्या जागी परत गेला.

पुढे किनाऱ्याचा रस्ता दुरुस्त झाला, बाकीच्या गाड्या तिकडे गेल्या. बाबा मात्र रोज गल्लीतूनच जात. कुणी पाहुणा विचारायचाच, "इथे का थांबलो?"

"आमचे वडील इथे पाणी प्यायचे," बाबा सांगायचे, आणि वर्दाचं पिऊन होईपर्यंत पेला हातात धरून थांबायचे.