सोमजीच्या कोयत्याचं म्यान

कडूबा कोरकू सातपुड्यात शिरला तो वेतासाठी. गेल्या पावसाळ्यात त्याचा एकुलता मुलगा सोमजी पुरात वाहून गेला; मागं राहिला फक्त त्याचा कोयता. चार दिवसांनी त्याच्या नावाचा कोरीव खांब गावाबाहेर उभा राहायचा होता, पाहुण्यांना सांगावे गेले होते. कडूबाच्या घरची रीत अशी, की खांबापाशी कोयता ठेवायचा तो म्यानात. पातं उघडं राहिलं तर गेलेल्याला झोप लागत नाही. आणि एका पात्याला म्यान एकदाच! ते गेलं तर दुसरं करायचं नाही.

म्यानासाठी शिवणीच्या लाकडाच्या दोन फाळ्या त्यानं महिनाभर रडत रडत कोरल्या होत्या. त्यांच्यावरून वेत मात्र ओला असतानाच गुंडाळावा लागतो, वाळला की मोडतो. म्हणून कोयता आणि फाळ्या पाठीला बांधूनच म्हातारा निघाला. संगतीला सून कोकिळा, आणि कोयता घडवणारा जामोदचा लोहार शकूर, सोमजीचा जिवलग. नवं राज्य होऊन दोनच वर्षं झाली होती, पण त्या डोंगरात अजून ना सडक होती ना चौकी.

ओळखीच्या नाल्यात पोचले तर वेताचं बेट वणव्यात जळून खाक!

"मामाजी, परतू या," कोकिळा म्हणाली. "तुमचे पाय सुजून राह्यले."

"सुजू दे व. तिकडे माहा पोरगा जागा हाये."

दुसऱ्या दिवशी ते आणखी वर गेले. खाली सगळी काळी राख, आणि समोरच्या कड्यावर, पाझराच्या ओलीत, हिरवागार वेत! शकूर चढला. काट्यांनी हात सोलवटले तरी त्यानं आपल्या कमरेच्या कोयत्यानं पाच-सहा वेत तोडून खाली टाकले. तेवढ्यात घोंगावणं ऐकू आलं. आग्या मोहोळ! माशा उठल्या. शकूरचा हात सुटला. तो दगडांवर आदळला आणि नडगीचं हाड मोडून पाय वाकडा झाला.

कोकिळेनं त्याला ओढून पाझराखाली घेतलं. पाय बांधायला धड काठी शोधली, तर हाताशी येईल ते लाकूड कोळसा होऊन चुरत होतं.

"चाचा, आधी म्यान बांधा," शकूर कण्हत म्हणाला. "वेत वायून जाईन. मी थांबतो."

कडूबा फाळ्यांकडे पाहत राहिला.  घरी शकूरच्या बायकोचे, सायराचे, दिवस भरत आलेले होते, हे त्याला ठाऊक होतं. मग त्यानं एक फाळी शकूरच्या नडगीच्या या बाजूला लावली, एक त्या बाजूला, आणि ओला वेत गुंडाळायला घेतला. वेढ्याला वेढा भिडवून, एकही सैल न सोडता. आयुष्यात इतकं घट्ट काम त्यानं केलं नव्हतं.

"काऊन केलं हे, चाचा?" शकूर रडायला लागला.

"गप राह्य बे. पाय हलवू नको."

दीड दिवस दोघांनी त्याला आळीपाळीनं पाठीवर वाहिलं. वाटेत अस्वल आडवं आलं, तेव्हा कोकिळेनं पेटती चूड फेकून ते हटवलं. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, पाय वाचला, पण हे बांधलेलं महिनाभर सोडायचं नाही. वेत तिथंच, त्या पायावर वाळला.

ठरल्या दिवशी खांब उभा राहिला. कडूबानं उघडा कोयता पायथ्याशी ठेवला. पाहुणे जेवून आपापल्या गावी गेले, पण म्हातारा उठेना.

"मामाजी, चला न घरी. दोन घास खा."

"तू जाय व माय," कडूबा म्हणाला. "याले झोप नाही. एकट्याले कसा सोडू?"