क्षितिजाची उंची

माझ्या फोटोंत दुःख दिसतं, असं लोक म्हणतात. तोझर शहरातल्या प्रदर्शनात एक बाई तर माझ्या एका चित्रासमोर उभ्या राहून रडल्या. त्या चित्रात शत्तचा, म्हणजे आमच्या गावाला लागून पसरलेल्या मिठाच्या कोरड्या सरोवराचा, एक तुकडा होता. मीठ, थोडं जिप्सम आणि सकाळचा तिरपा प्रकाश, याखेरीज त्यात काही नव्हतं. मी आमच्या गावच्या, दगाशच्या, शाळेत भौतिकशास्त्र शिकवते. भाव चित्रात नसतो, पाहणाऱ्यात असतो, असं माझं मत होतं, आणि ते बदलायला मी अजूनही तयार नाही.

गेल्या हिवाळ्यात बाबांना अर्धांगाचा झटका आला. त्यानंतर त्यांच्या स्मरणातून एकेक गोष्ट गळत गेली: बागेतल्या पाण्याच्या पाळ्या, आईचं नाव, शेवटी माझं. ते मला ‘फोटोवाल्या बाई’ म्हणू लागले, तेही अदबीनं. डॉक्टरांनी ओळखीच्या जागांची चित्रं दाखवायला सांगितली.

खजुराच्या बागेच्या चित्रांकडे बाबांनी पाहिलंही नाही. शत्तचं चित्र मात्र त्यांनी जवळ ओढलं, आणि जिथे पांढऱ्या रंगाशिवाय काहीच नव्हतं तिथे बोट टेकवलं.

“तिजानी,” ते म्हणाले.

अंगणात खजूर निवडत बसलेल्या मबरूका आत्याचे हात थांबले.

“तिजानी कोण?” मी तिला विचारलं.

“तुझ्या बाबांच्या पाठचा भाऊ. मी तेव्हा पाळण्यात होते. पाणी दिसतंय म्हणून शत्तमध्ये धावत गेला. तिथे कुठलं आलंय पाणी? परत आलाच नाही.”

“मला कुणी कधी सांगितलं नाही.”

“सांगून काय झालं असतं? तू बसली असतीस गणित मांडत!”

बाबा माझ्याकडे वळले. “बाई, त्याला घेऊन या. त्याचा एकही फोटो नाही. मी विसरलो, की त्याला ओळखणारं कुणी उरणार नाही.”

माझं नाव हरवलेल्या माणसानं ही तीन वाक्यं न अडखळता उच्चारली. मी होकार दिला.

आणि गणित मांडलं. किनाऱ्यावरच्या निरनिराळ्या जागांवरून मी शत्तचे फोटो काढले. प्रत्येकात बाबांनी वेगळ्या ठिकाणी बोट ठेवलं. नकाशावर कॅमेऱ्याच्या प्रत्येक जागेपासून त्या बोटाच्या दिशेनं रेघ ओढली, तेव्हा सगळ्या रेघा एकाच बिंदूत मिळाल्या. चित्रांचा क्रम मोडून पाहिला. बिंदू हलला नाही. दुसऱ्या सरोवराचं चित्र मध्येच सरकवलं. बाबांनी ते परत केलं. “बाई, ही आमची जागा नव्हे.”

त्या बिंदूपाशी जाता येत नाही. तिथे मिठाची साय पातळ आहे आणि खाली चिखल. जुन्या पायवाटेच्या कडेला रोवलेले खजुराचे बुंधे किनाऱ्याजवळच संपतात. त्यांच्या पलीकडे कुणी पाऊल टाकत नाही.

पुढच्या आठवड्यात त्याच जागांवरून पुन्हा फोटो काढले. रेघा पुन्हा एका बिंदूत मिळाल्या. मात्र हा बिंदू किनाऱ्याच्या दिशेनं सरकला होता. त्यानंतरचा आणखी अलीकडे.

मी मोजमापातल्या चुका तपासल्या. इतकं अंतर पडेल एवढी चूक सापडली नाही.

“पुरे कर आता,” आत्या म्हणाली. तिनं शत्तकडची खिडकी लावून घेतली होती. “तू फोटो काढतेस, म्हणून तो येतोय.”

“आत्या, कॅमेरा फक्त प्रकाश आत घेतो.”

“आणि तुला वाटतं, तेवढंच आत येतं?”

मी हसले, पण कॅमेरा पिशवीत ठेवून दिला. दोन दिवस बाबा जेवले नाहीत. “बाई, आता थोडंच राहिलंय,” एवढंच म्हणत राहिले. आत्याचं नावही त्या दोन दिवसांत गेलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी शत्तवर गेले.

वारा नव्हता. ओठांवर खारट चव येत होती. बुंध्यांची रांग चौकटीत घेऊन मी ट्रायपॉड नेहमीच्या खुणेपर्यंत उंचावला. सगळी चित्रं एकमेकांशी ताडता यावीत, म्हणून भिंग कायम माझ्या खांद्याच्या उंचीवर असतं.

ऊन चढू लागलं की मीठ तडकतं. त्याचं कारण मला ठाऊक आहे. ते एकाच ओळीत, पावलांच्या अंतरानं, माझ्याकडे तडकत का यावं, हे मला ठाऊक नाही.

बुंध्यांपाशी आवाज थांबला.

मी बटण दाबलं.

घरी येऊन मी चित्र छापून दिलं. बाबांनी ते बराच वेळ पाहिलं. बोट कागदावर फिरत राहिलं. कुठेच टेकलं नाही.

“यात तो नाही,” ते म्हणाले आणि चित्र बाजूला ठेवलं. चेहऱ्यावर खंत नव्हती.

तर हेही नाव गेलं, असं मला वाटलं. मला सुटल्यासारखं झालं, आणि त्याची लाजही वाटली. चित्र घेऊन मी स्वयंपाकघरात आले. बाकीच्यांशी ताडून पाहावं म्हणून फूटपट्टी लावली.

सपाट भूमीवर क्षितिजाची रेघ भिंगाच्याच उंचीवरून जाते. भिंग माणसाच्या खांद्याएवढं उंच असेल, तर क्षितिज जवळच्या, दूरच्या प्रत्येक खांबाला खांद्याच्या उंचीवरच छेदतं. हा भूमितीचा नियम आहे. माझ्या आधीच्या सगळ्या चित्रांनी तो पाळला होता.

हे चित्रही पाळत होतं. फक्त क्षितिज प्रत्येक बुंध्याला माझ्या कमरेच्या किंचित खाली छेदत होतं. म्हणजे ज्या डोळ्यानं हे पाहिलं, तो तेवढ्याच उंचीवर होता.

ट्रायपॉड पाहिला. पाय खुणेवरच आवळलेले होते.

मी दारात आले. आवाज शक्य तितका साधा ठेवला.

“बाबा, तिजानी केवढा होता हो?”

ते मंद हसले, आणि उंची दाखवावी तसा डावा हात खुर्चीच्या बाजूला पालथा धरला. माझ्या कमरेच्या किंचित खाली.

झटका आल्यापासून तो हात क्षणभरही स्थिर राहत नाही. पेला धरला तर पाणी सांडतं.

आता तो थरथरत नव्हता. कशावर तरी टेकवलेला हात जसा सैल, निवांत असतो, तसा तो होता.