सात नंबरची केस

"आईपेक्षा तुला चादरी मोठ्या झाल्या!"

आईला जाऊन दोन दिवस झाले होते, तिचं अंथरूण अजून तसंच पसरलेलं होतं, आणि उंबऱ्यात उभ्या असलेल्या ताईवर धाकटी अक्षरशः तुटून पडली होती. "तीन दिवस आई दवाखान्यात दाराकडे डोळे लावून होती! कुणाचं पाऊल वाजलं की विचारायची, ताई आली का गं? आणि तू? तू तिकडे इस्त्री फिरवत होतीस! ओव्हरटाइम करत होतीस! आजपासून मला बहीण नाही, समजलीस?"

 पायघोळ कपड्याखाली घोट्यापासून गुडघ्यापर्यंत बँडेज होतं, ते दिसू नये म्हणून ताईनं पाय फक्त थोडा मागे घेतला. पायाबद्दल एक शब्द... एकच शब्द बोलली असती, तर धाकटीनं तिथल्या तिथे पुस्तकं गुंडाळून ठेवली असती आणि दुसऱ्या दिवशी ताईच्या जागी जाऊन उभी राहिली असती! स्वभावच तसा होता पोरीचा, एकदा मनात आलं की आलं. आणि वैद्यकीय प्रवेश परीक्षा आठ दिवसांवर होती.

तेव्हा ताईनं ठरवलं, पोरगी रागानं शिकणार असेल तर रागानं शिकू दे. पण शिकू दे.

ती त्या मोठ्या लॉन्ड्रीत लागली तेव्हा सतरा वर्षांची होती आणि धाकटी पाच. बाप गेलेला, आई आजारी. दुसरं कोण होतं? वाफेच्या प्रेसपाशी रोज दहा तास उभं राहायचं, ओल्या चादरी एका बाजूनं घ्यायच्या, कडक करून दुसऱ्या बाजूला द्यायच्या. बसायला स्टूल नाही, चालायला जागा नाही. सगळे तिला 'खांब' म्हणायचे, तीही हसून घ्यायची. "खांब हलला तर छत तुमच्याच डोक्यावर येईल रे!" नोकरीच्या तेराव्या वर्षी खांबाला तडा गेला. घोट्याच्या वर फुगलेली शीर भर कामात फुटली आणि चप्पल रक्तानं भरली. मुकादमबाईनं तिला जमिनीवर आडवं केलं, पाय चादरींच्या गठ्ठ्यावर चढवला, अंगठ्यानं जखम दाबून धरली, म्हणून वाचली. ताईला एका दवाखान्यात ठेवलं, त्याच दिवशी आईला दुसऱ्या. "घरी सांगा, कामाची गर्दी आहे, सुट्टी मिळत नाही," असं ताईनंच मुकादमबाईला हात जोडून सांगितलं होतं. आई आठवड्याभरात घरी येईल, मग भेटू, असं वाटलं होतं वेडीला... आई आली नाही.

धाकटी पास झाली, शिष्यवृत्ती मिळवून वसतिगृहात गेली, आणि पाच वर्षं दोघींमध्ये एक अक्षर बोलणं झालं नाही. ताई पुन्हा प्रेसपाशी उभी राहिली. पाय काळा पडत गेला, घोट्याला भरून न येणारी जखम झाली, तेव्हा कुठे ती मोठ्या दवाखान्यात गेली. तो दवाखाना धाकटीच्याच कॉलेजचा होता.

वॉर्डातल्या नर्सबाई म्हणाल्या, "ऑपरेशनला अजून पंधरा दिवस आहेत. तोवर एक काम कराल? शेवटच्या वर्षाची प्रात्यक्षिक परीक्षा आहे. मुलांना तपासायला पेशंट लागतात, आणि तुमच्यासारखा पाय शोधून सापडायचा नाही!"

"चला, माझ्या पायाला नावाजणारं कुणीतरी भेटलं म्हणायचं," ताई म्हणाली, आणि लगेच हो म्हणाली. शेवटचं वर्ष म्हणजे धाकटीचं वर्ष! लांबून का होईना, पांढऱ्या कोटात दिसेल. एवढीच हाव होती, देवाशपथ एवढीच.

परीक्षेआधी सराव करायला मुलं यायची. ताई त्यांना खोदून खोदून विचारायची, आणि तीही शिकवण्याच्या हौसेनं सांगायची. रक्त खाली जातं ते हृदयाच्या धक्क्यानं. पण वर यायचं तर तो धक्का पुरत नाही. चालताना पोटरी आवळते, ती शिरा पिळते आणि रक्त वर ढकलते. आणि ढकललेलं पुन्हा खाली घसरू नये म्हणून शिरांमध्ये जागोजागी बारीक झडपा असतात. माणूस एका जागी उभा राहिला की पोटरी काम करत नाही, रक्त साचतं, शीर ताणली जाते, झडपा मिटेनाशा होतात. "आणि मावशी, पूर्वी रक्त वाहिलं होतं का, हे ज्यानं विचारलं नाही तो गेलाच समजा," एक जण म्हणाला होता. "परीक्षकांच्या हातात तुमच्या जुन्या उपचाराचा कागद असतो."

परीक्षेच्या सकाळी अठरा खाटांवर अठरा पेशंट बसले. मुलांनी चिठ्ठ्या उचलल्या. आणि सात नंबरच्या खाटेपाशी येऊन, हातात चिठ्ठी घेऊन, जी उभी राहिली ती धाकटी होती!

ताईनं तिला डोळे भरून पाहून घेतलं. केवढी मोठी दिसतेय... आणि किती रोडावलीय!

"कुणाला ओळखीचा पेशंट आला असेल तर आत्ताच सांगा," देखरेखीवरचे डॉक्टर ओरडले. "चिठ्ठी बदलून मिळेल. नंतर ऐकून घेणार नाही. सात नंबर? ओळख आहे?"

धाकटीनं एकदाच ताईकडे पाहिलं.

"नाही सर. ओळख नाही."

पाच वर्षांत ताईनं खूप सोसलं होतं, पण हा घाव वेगळाच होता. तिनं मनाला बजावलं, रडायला पुढे आयुष्य पडलंय. आत्ता हिची परीक्षा आहे.

"तुमचं वय?" धाकटीचा आवाज कोरडा होता.

"पस्तीस."

"काम?"

"लॉन्ड्रीत. प्रेसवर."

पेन भराभर चालत होतं. दुखतं कधी, सूज कधी येते, जखम केव्हापासून. मग तो प्रश्न आला. "यातून पूर्वी कधी रक्तस्राव झाला होता?"

 नाही म्हटलं तर पाच वर्षं जपलेलं गुपित झाकलेलं राहील. पण हिच्या कागदावर 'नाही' लागेल आणि परीक्षक जुना कागद पुढे करतील. ज्या पोरीच्या परीक्षेसाठी तोंड शिवून घेतलं होतं, तिच्याच परीक्षेसाठी आता ते उघडायला हवं होतं...

"झाला होता," ताई ठामपणे म्हणाली. "पाच वर्षांपूर्वी, एप्रिलच्या सव्वीस तारखेला, सकाळी अकरा वाजता. प्रेसपाशीच शीर फुटली. चार दिवस दवाखान्यात होते. दोन बाटल्या रक्त चढवलं."

पेन थांबलं. त्याच सव्वीस तारखेला आईला दवाखान्यात नेलं होतं. अठ्ठावीसला ती गेली होती.

"घरी... घरी का कळवलं नाही?" हा प्रश्न परीक्षेतला नव्हता.

"घरी एकटी पोर होती. आईच्या उशाशी बसून अभ्यास करत होती. तिनं किती दवाखान्यांत धावायचं?"

"पण नंतर? नंतर तरी सांगायचंस!"

"नंतर सांगितलं असतं तर आज हा कोट अंगावर दिसला असता का?" ताईनं डोळे वटारले. "रडू नकोस. वेळ चाललाय. पट्टा घे आणि पाय तपास."

धाकटीनं बाहीनं डोळे पुसले. ताईला आडवं केलं, पाय उचलून धरला, हातानं शिरा रिकाम्या केल्या, मांडीला रबरी पट्टा बांधला आणि उभं केलं. पट्टा सोडून बघायचं असतं, हे सरावाला येणारी अर्धी मुलं विसरायची. ताईच्या जिभेच्या टोकावर आलं होतं, पण तिनं ओठ मिटून घेतले. धाकटीनं पट्टा सोडला. वरून खाली शीर झरझर फुगत आली. जांघेतली झडप निकामी झाली होती.

परीक्षक आले. धाकटी एकही शब्द न अडखळता बोलत गेली. अठरा वर्षं, रोज दहा तास उभं काम. उभ्या माणसालाच का, परीक्षकांनी विचारलं. तिनं पोटरीचं, झडपांचं सगळं सांगितलं. मोठ्या परीक्षकांनी मान डोलावली. "छान. एवढा रक्तस्राव होऊनही पेशंट इतक्या उशिरा उपचाराला का आली?"

"कारण तिला एक धाकटी बहीण होती सर." तिचा आवाज फाटला, पण मान ताठ होती. "ती मी. ही माझी सख्खी ताई आहे. मघाशी मी खोटं बोलले."

"अहो, काहीतरीच काय!" ताई खाटेवरून उठलीच. "साहेब, पोरगी घाबरलीय! मी कुणी नाही तिची! तुम्ही मार्क द्या!"

"ताई, गप्प बस!" धाकटी ओरडली, आणि पाच वर्षांनी ते 'ताई' ऐकून ताई खरोखरच गप्प झाली.

परीक्षकांनी चष्मा काढला. "हे मला लिहावं लागेल. या केसचे मार्क मिळणार नाहीत. दुसरी केस घ्यायची तर वेळ अर्धाच उरलाय. कदाचित सहा महिन्यांनी पुन्हा बसावं लागेल. कळतंय का?"

"कळतंय सर. द्या दुसरी केस."

जाण्याआधी ती गुडघ्यावर बसली आणि पायाच्या बोटांपासून वर वर घट्ट बँडेज बांधत गेली.  परीक्षक घड्याळ न बघता थांबले.

ताई बाहेरच्या बाकावर जाऊन बसली. तासाभरानं धाकटी आली, चेहरा उतरलेला, केस विस्कटलेले. ताई धडपडत उठायला लागली.

"कशी गेली गं?"

"बरी गेली. पुरेशी गेली की नाही, माहीत नाही. नापास झाले तर पुन्हा देईन. तू खाली बस."

"मला सवय आहे उभं राहायची..."

"बस म्हणतेय ना!" धाकटीनं तिला खांदे धरून बसवलं, शेजारी बसली, आणि तो काळवंडलेला, सुजलेला पाय उचलून सरळ आपल्या मांडीवर घेतला. "आई विचारत होती तुला... आणि मी तिला सांगितलं, ताईला वेळ नाही म्हणून..." पुढचे शब्द हुंदक्यात गेले. ती पायावर कपाळ टेकून रडली, आणि इतकी वर्षं थोपवलेलं ताईचंही रडू वाहू लागलं.

कॉरिडॉरमधून पांढरे कोट येत-जात होते, वळून बघत होते. ताई कानकोंडी झाली. "अगं, सोड पाय. तुझे सगळे सर बघतायत!"

"बघू देत," धाकटी म्हणाली. "विचारलं तर सांगेन, माझी ताई आहे."