पाणी आत घेणारा सूट

पहिली लाट कमरेला लागली तोवर केतकी मजेत होती. दुसरी लाट खांद्यावर फुटली आणि गार पाण्याची एक धार मानेपाशी सूटच्या आत शिरून पाठीवरून थेट कमरेपर्यंत उतरली. केतकी किंचाळली. हातातली सर्फिंगची फळी सुटून लाटेबरोबर किनाऱ्याला लागली, आणि तिच्या मागोमाग केतकीही.

"मावशी, हा सूट फाटका आहे. पाणी आत आलं."

गार्गीमावशी वाळूत उभी होती. ती शांतपणे म्हणाली, "फाटका नाहीये. पाणी आत येणारच. वेटसूट आहे तो."

केतकी तिच्याकडे बघतच राहिली. छत्रीला भोकं असणारच, असं कुणी म्हटलं असतं तरी तिला एवढा धक्का बसला नसता.

केतकी मालवणजवळच्या देवबागची. चालायला लागली तेव्हापासून समुद्रात डुंबणारी. पण तिकडचं पाणी कोमट. सुट्टीत ती मावशीकडे आली होती, स्कॉटलंडच्या उत्तर टोकाला, जिथे भर जूनमध्येही समुद्रात पाय घातला की बोटं आखडतात. मावशी पदार्थवैज्ञानिक (वस्तू कशाच्या बनतात आणि कशा वागतात याचा अभ्यास करणारी) होती. लहान मुलांना अशा समुद्रातही सर्फिंग करता यावं, म्हणजे फळीवर उभं राहून लाटेवरून घसरत येता यावं, म्हणून ती सूट बनवायची. तिच्या मदतीला टिटवी होती. टिटवी म्हणजे बुडणाऱ्यांना वाचवणारा, लांब पायांचा यंत्रमानव. मावशीने तिला मराठी शिकवली होती.

"आता पाठ कशी आहे?" टिटवीने विचारलं.

केतकी "गार" म्हणणार होती. पाणी आतच होतं, पण पाठ गार नव्हती.

"कोमट झालं," ती पुटपुटली. "कुणी केलं?"

"तू," मावशी म्हणाली. "सूट आणि कातडी यांच्यामध्ये पाण्याचा पातळ पापुद्रा अडकतो. थोडंसंच पाणी, म्हणून तुझं अंग ते पटकन तापवतं."

"मग ती ऊब बाहेर का जात नाही? बाहेर तर एवढा गार समुद्र आहे."

"देवबागला मासे कशात ठेवतात?"

"थर्माकोलच्या खोक्यात. वर बर्फ घालून."

"उन्हातसुद्धा बर्फ टिकतो तो कशामुळे?"

केतकीने हजारदा पाहिलेला खोका. पण हे तिला कधी कुणी विचारलंच नव्हतं.

"थर्माकोलमध्ये बारीक बारीक बुडबुडे असतात आणि त्यांत हवा कोंडलेली असते," मावशी म्हणाली. "कोंडलेल्या हवेतून उष्णता फार हळू जाते. तुझा सूट निओप्रीनचा (आत असंख्य बुडबुडे असलेल्या मऊ रबराचा) आहे. खोका बाहेरची उष्णता आत येऊ देत नाही, सूट आतली बाहेर जाऊ देत नाही. काम एकच, दिशा उलटी."

टिटवीने छातीवरचा पडदा केतकीकडे वळवला. त्यावर उष्णताचित्र (जिथून ऊब बाहेर पडते ती जागा लाल आणि जिथून पडत नाही ती निळी दाखवणारं चित्र) होतं. त्यात केतकीचा चेहरा लालभडक होता आणि गळ्यापासून घोट्यापर्यंत सगळं अंग काळंनिळं.

केतकी दचकली. "मी गोठतेय?"

"उलट. निळ्या भागातली ऊब तुझ्याजवळच राहिली आहे," टिटवी म्हणाली. "चेहरा उघडा आहे, तिथून निसटतेय."

त्या दिवशी केतकीला फळीवर गुडघे टेकता आले. उभं राहणं दुसऱ्या दिवसावर गेलं.

पण दुसऱ्या दिवशी सूट घालणं म्हणजे एक लढाईच झाली. वेटसूट अंगाला घट्ट चिकटणारा, आणि आज मदतीला मावशी नव्हती. एक पाय आत जायला केतकीला इतकं ओढावं लागलं की ती जमिनीवर बसली. शेजारीच मोठ्या मुलांचा एक सूट टांगलेला होता. तो कसा झटकन अंगात गेला. जाडी तीच, रबर तेच. मग काय बिघडलं? मावशी प्रयोगशाळेबाहेर, पाय घसरू नयेत म्हणून एका फळीला मेण चोळत होती. तिने मान वर करेपर्यंत केतकी दुसरी फळी घेऊन पाण्यात होती.

पहिल्या लाटेला पाणी आत शिरलं. केतकी ते तापायची वाट बघत राहिली. ते जेमतेम कोमट झालं आणि दुसऱ्या लाटेने ते बाहेर ओढून नेऊन नवं, गार पाणी आत भरलं. मग तिसऱ्या लाटेनेही तेच. दात वाजायला लागले. ती परत फिरणार तोच एक मोठी लाट उठली आणि केतकी फळीवरून उलटी पाण्यात गेली.

वर आली तेव्हा तिला श्वास आवरेना. तिने न ठरवताच छाती एकामागून एक श्वास ओढत होती आणि तोंडात खारं पाणी जात होतं. देवबागची पट्टीची पोहणारी, पण हात हलवावेत तर हात ऐकेनात. तिला खरोखर भीती वाटली.

"केतकी, पोहू नकोस." टिटवीचा आवाज जवळून आला. ती पाणी कापत येत होती. "हा शीतधक्का (एकदम गार पाण्यात पडल्यावर शरीराला बसणारा हादरा) आहे. तो ओसरतो. उताणी हो. फळी धर आणि नुसती तरंग."

केतकी उताणी झाली. सूटमधल्या बुडबुड्यांनीच तिला वर उचलून धरलं. हळूहळू श्वास ताळ्यावर आला, पण पुढची लाट आली आणि पुन्हा गार पाणी पोटावरून वाहत गेलं. तेव्हा तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. सूट तोच, बुडबुडे तेच. पण आतलं पाणी थांबतच नव्हतं. ती तापवत होती आणि समुद्र ते घेऊन जात होता. सगळा समुद्र तापवायला निघाल्यासारखंच झालं हे.

मग पाणी थांबवायचं. तिने छाती फळीवर टेकली, गुडघे पोटाशी घेतले, कोपरे बरगड्यांशी दाबले आणि हनुवटी गळ्यात खुपसली. सूटच्या वळ्या अंगाशी आवळल्या गेल्या. पुढची लाट आली, पण आत थोडंच पाणी शिरलं. पोटाशी जराशी ऊब राहिली. तेवढ्यात टिटवीचा लांब हात फळीला लागला.

किनाऱ्यावर मावशीने तिला कोरड्या कपड्यांत आणि दोन घोंगड्यांत गुंडाळलं. मावशीचा चेहरा पांढरा पडला होता.

"मी ढगळ सूट घातला," केतकी म्हणाली. "चुकलं माझं."

"ते कळलं मला. पण पाण्यात गुडघे पोटाशी घ्यायला तुला कुणी शिकवलं? टिटवीने?"

"मी शिकवलं नाही," टिटवी म्हणाली.

केतकीने सगळं सांगितलं. पाणी थांबलं तर तापतं, वाहिलं तर ऊब घेऊन जातं. मावशी ऐकत राहिली. मग तिने केतकीचं डोकं आपल्या खांद्यावर घेतलं.

दोन दिवसांनी वारा पडला. घट्ट सूट चढवताना या खेपेला केतकीने मावशीला हाक मारली. पाणी आत आलं, ती शहारली आणि थांबली. ऊब आली. मग एका लहानशा लाटेवर ती गुडघ्यांवरून उठली, दोन्ही पायांवर उभी राहिली आणि वाकडीतिकडी का होईना, वाळूपर्यंत आली. इतकी चकित झाली की उतरायचंच विसरली आणि फळीसकट वाळूत बसली.

धापा टाकतच तिने विचारलं, "मावशी, पुढच्या वर्षी मी उंच होईन. मग हा सूट मला होणार नाही. पुन्हा ढगळ घ्यायचा?"

"प्रत्येक मुलाची तीच अडचण आहे."

"मग मुलाबरोबर वाढणारा सूट का नाही बनवत?"

हे मावशीच्या कधी मनातच आलं नव्हतं. इतकी वर्षं ती सूट जास्त उबदार कसा होईल याच्याच मागे होती.

"ताणून लांब होणारं आणि तरीही आवळून धरणारं निओप्रीन," ती स्वतःशीच म्हणाली. "बुडबुडे न फुटता. टिटवी, हे जमेल?"

"माहीत नाही," टिटवी म्हणाली. "करून बघावं लागेल."

"चला तर," मावशी म्हणाली, आणि तिघी प्रयोगशाळेकडे निघाल्या.