डाव्या पायाची साक्ष

वरणाची वाटी फरशीवर वाजली आणि घरातली शांतता मोडली. सुमेधाने खाली पाहिलं. वाफाळतं वरण तिच्या डाव्या पावलावरून ओघळत होतं. तिला फक्त आवाज ऐकू आला होता.

"भाजलं का?" अनुराधाने विचारलं.

"माहीत नाही," सुमेधा म्हणाली.

अनुराधा खाजगी तपासाची कामं घेई. तिचा सहकारी हेमंत मनाने चांगला, डोक्याने सावकाश. सुमेधाच्या नवऱ्याने, अनिरुद्धने, दोघांना विद्यानगरच्या फ्लॅटवर बोलावलं होतं.

"कण्याच्या ऑपरेशनपासून पाय बधिर आहे," अनिरुद्ध म्हणाला. "पण डॉक्टर म्हणतात पाय ठीक आहे. ऑपरेशनभर घोट्याजवळच्या नसेला स्टिकरची जोडी लावून विजेच्या बारीक टिचक्या देत होते, आणि डोक्याला लावलेल्या तारांवर मेंदूचं उत्तर बघत होते. दोन्ही पायांचं उत्तर आलं. भूल उतरतानाही आलं. म्हणून म्हणतात, बधिरपणा मनाचा आहे."

"मनाचा नसेल तर?" अनुराधाने विचारलं.

"तर कण्यात काही दाबतंय. लवकर उघडलं तरच पाय परत येईल. ते उघडायला तयार नाहीत."

"मलाच नको असेल तो पाय," सुमेधा म्हणाली. तिच्या आवाजात काहीच नव्हतं.

पाच वर्षांची यशू ओल्या फडक्याने आईचं पाऊल पुसत होती. "या पायाला दोन टिकल्या," घोट्यावरच्या लालसर खुणांवर बोट ठेवत ती म्हणाली, "आणि त्या पायाला चार."

"स्टिकरच्या खुणा, बेटा," हेमंत म्हणाला. अनुराधा वाकून दोन्ही घोटे बघत राहिली.

सिकंदराबादच्या हॉस्पिटलात सर्जन मुकुंद यांनी घड्याळ बघतच उत्तरं दिली. "एक स्क्रू बसवताना डाव्याचं उत्तर गेलं. मी मशीन सांभाळणाऱ्या चेतनला म्हटलं, आधी तुझं मशीन बघ. त्याने स्टिकर बदललं, उत्तर आलं. उलट आधी डाव्याचं उत्तर कमजोर होतं, नंतर अगदी उजव्यासारखं झालं. ऑपरेशनचा फायदाच म्हणा."

"भूल जास्त झाली असेल?" हेमंतने भूलतज्ज्ञ कविता यांना विचारलं.

"मग दोन्ही पाय गप्प झाले असते. उजवा बोलत होता. आणि माझं लक्ष तिच्या डोळ्यांवर होतं. पालथं निजवलं की डोळे दबतात."

मशीनवरचा चेतन नवा होता. "कण्याचं पहिलंच ऑपरेशन?"

"हौ मॅडम. आधी सगळे मेंदूचे पेशंट, उताणे निजवलेले."

"स्टिकर कसं बदललंस?"

"पायांकडून चादरीखाली हात घातला. दिसत नव्हतं. जुनी जोडी हाताला लागली. सुकली असणार म्हणून तिच्या शेजारी, थोडी वरती नवी लावली, डावी वायर तिथे जोडली. जुनी आम्ही पेशंट उताणी असतानाच लावली होती ना."

"तुझ्या कुठल्या हाताला होता तो पाय?"

"उजव्या. पायांकडे उभं राहिलं की पेशंटचा डावा आपल्या उजव्या हाताला येतो."

दुसऱ्या सकाळी मुकुंद यांच्या केबिनमध्ये सगळे जमले. सुमेधा व्हीलचेअरवर, यशू तिच्या मांडीवर.

"हेमंत, त्या टेबलावर झोप. उताणा."

"बूट काढू?"

"काढ. मोज्यांना भोकं असली तरी काढ." अनुराधा त्याच्या पायांकडे उभी राहिली. "माझ्या उजव्या हाताला कुठला पाय?"

"डावा."

"आता पालथा हो."

हेमंतने पायाचा अंगठा हलवून पाहिला. मग पुन्हा हलवला. "उजवा."

"सुमेधा पालथी होती. चेतनच्या हाताला लागला तो उजवा पाय. डावी वायर त्याने तिथे लावली. तेव्हापासून मशीनवर डावा म्हणून बोलत होता तो उजवाच. म्हणून दोघे एकसारखे. म्हणून त्या घोट्यावर चार खुणा. भूल उतरतानाही तुम्ही उजव्यालाच दोनदा विचारलंत." ती मुकुंद यांच्याकडे वळली. "स्क्रू बसला तेव्हा डावा गप्प झाला, डॉक्टर. एवढंच त्याला सांगायचं होतं."

दाराशी उभ्या चेतनने आपला उजवा हात उलटा करून पाहिला.

मुकुंद उठले. दोन्ही घोटे त्यांनी स्वतः पाहिले आणि फोन उचलला. "थिएटर तयार ठेवा. आजच. स्क्रू काढायचाय."

"म्हणजे मनाचं नव्हतं," सुमेधा म्हणाली.

"नव्हतं," अनुराधा म्हणाली.

"परत येईल?"

मुकुंद यांनी फोन खाली ठेवला. "सांगता येत नाही."

यशू मांडीवरून उतरली आणि तिने आईच्या पायावरच्या शालीखाली हात घातला.

"आई, डोळे मीट. बघायचं नाही हां. सांग, मी तुझं कुठलं बोट धरलंय?"