वना वना

धुळ्याच्या हायस्कुलात मॅट्रिकच्या वर्गाला पुण्याहून नवे मास्तर आले, त्यांना पहिल्या आठवड्यात एकच कोडं पडलं. फळ्यावर प्रमेय अर्धंमुर्धं चढलेलं असायचं, दारात सावली पडायची, आणि सगळा वर्ग एका सुरात म्हणायचा, "वना वना." मास्तरांना वाटलं, पोरं आपलीच टवाळी करताहेत. शेवटी त्यांनी अभिमनला उभं केलं. अभिमन वर्गात हुशार आणि फाटक्या तोंडाचा.

"सर, आमच्या खानदेशी अहिराणीत 'वना' म्हणजे 'आला'," तो गंभीरपणे म्हणाला. "आणि याचं नावच वना. तेव्हा वना आला, की वना वना."

मास्तर हसले, आणि त्या दिवसापासून त्या आरोळीला जणू सरकारी मान्यता मिळाली.

वना मूळचा पिंपळनेरकडचा. धुळ्यात तो पांझरा नदीपलीकडे एका नातेवाइकाकडे राहायचा आणि त्यांच्या गुराढोरांचं उरकूनच शाळेला निघायचा, म्हणून रोज उशीर. एकदा हेडमास्तरांनी त्याला दारातच अडवलं. खेड्यात तेव्हा जन्मतारखेचा पत्ता कुणाला असे? उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरता आला, की पोर शाळेत घालण्याजोगं झालं, असा हिशेब. हेडमास्तर म्हणाले, "तुला पहिलीत घेतलं तेव्हा कान पुरला होता का रे? दाखव बघू." वनाने दाखवला. दुसऱ्या दिवसापासून कुणी न सांगता तो उंबऱ्यावर तसाच उभा राहू लागला, हात डोक्यावरून, कान धरून, तोंडावर ना हसू ना रडू. मास्तर "ये, बस" म्हणाले की कान सोडायचा आणि मागच्या बाकावर जाऊन बसायचा. ही थट्टा होती की खरंच, हे शेवटपर्यंत कुणाला कळलं नाही.

परीक्षा तोंडावर आली तेव्हा पोरांनी लळिंग किल्ल्याच्या पायथ्याशी, वर्गातल्या झुलालच्या मळ्यात भरिताचा बेत केला. कपाशीच्या पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजली, जेवणं झाली, आणि पोट भरल्यावर पोरांना जे सुचतं ते सुचलं. अभिमनने डोक्यावर घोंगडी घेतली, सुपात ज्वारीचे दाणे टाकले आणि भगतासारखा घुमायला लागला. ज्याने त्याने पुढे बसायचं आणि आपलं भविष्य ऐकायचं. झुलाल अंगाने दांडगा आणि काळोखाला भिणारा, त्याला अभिमनने फौजदार करून टाकलं. रुपचंदचा बाप आठवडे बाजारात चांदीचे डूल विकायचा. रुपचंदला त्याने जळगावात सोन्याचं दुकान देऊन टाकलं. "आणि तू?" रुपचंदने विचारलं. "मी मास्तर," अभिमन म्हणाला. "मला दुसरं कोण पोसणार?"

वना आला तेव्हा भांड्याच्या बुडाला लागलेलं भरीत तेवढं उरलं होतं. आरोळी झाली, हशा झाला. त्याने ते भरीत बोटांनी पुसून खाल्लं आणि सुपासमोर येऊन बसला.

"माले सांग."

अभिमनला काही सुचेना. त्याने दाणे हलवले, पुन्हा हलवले. मग आयत्या वेळचं डोकं चाललं.

"तू बठ्ठास्ना घर येशी. उशीर व्हई, पन येशी."

सगळ्यांच्या घरी, आणि तेही उशिराच! पोरं लोळली. वना मात्र दाण्यांकडे बघत राहिला.

"मंग माले दार कोन उघाडी?"

"मी उघाडसू," अभिमन म्हणाला, आणि घोंगडी फेकून तोही हसत सुटला.

त्याच वर्षी पावसाळा सरता सरता मानमोडीच्या तापाची साथ आली. गावंच्या गावं आडवी झाली, तिरडीला बांबू मिळेनात. वना त्याच्या गावी गेला होता, तिथेच आटोपला. ही बातमी धुळ्याला पोचली तेव्हा तिलाही उशीर झाला होता. झुलाल म्हणाला, "बातमीबी त्यानासारखीच वनी." कुणीच हसलं नाही.

वर्षं गेली. अभिमन जळगावच्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवू लागला. वर्गात पोरं भुताखेतांचं काही बोलली, तर तो त्यांना पोकळ नळी आणि पाणी घेऊन हवेच्या दाबाचा प्रयोग करून दाखवायचा. अहिराणी त्याने घराबाहेर आणि हळूहळू घरातही सोडली होती, मास्तराला शोभत नाही म्हणून. भरिताच्या दिवशी आपण काय बोललो हे तो विसरला होता. मग रुपचंदने खरंच जळगावच्या सराफ बाजारात दुकान टाकलं.

आखाजीचा, अक्षय्य तृतीयेचा मुहूर्त होता. आरतीच्या वेळी सगळे आत, रुपचंदची म्हातारी आई भागाबाई तेवढी दारापाशी बसलेली. आरती संपल्यावर ती आत आली आणि मुलाला म्हणाली, "तुना दोस्त वना व्हता. दारमा हुभा व्हता, कान धरीसन. आत ये म्हनं, तं वना नही."

भागाबाईने वनाला जन्मात पाहिलं नव्हतं. रुपचंद पांढराफटक पडला. अभिमनने त्याला बाजूला घेऊन समजावलं, की शाळेतल्या गोष्टी तूच कधीतरी आईला सांगितल्या असणार, म्हाताऱ्या माणसाच्या डोळ्यांपुढे काहीही उभं राहतं. रुपचंदने मान हलवली. पटल्यासारखी हलवली, इतकंच.

झुलाल फौजदार होऊन चोपड्याला गेला, तेव्हा त्याने गाव जेवू घातलं. अभिमनला शाळेमुळे जाता आलं नाही. महिन्याभराने झुलालच जळगावला आला. ओसरीवर बसला, पाणी प्यायला, आणि मिशी पुसली. आत अभिमनची बायको प्रमिला, दिवस भरत आलेले, तांदूळ निवडत होती.

"पंगतना शेवटले एक पान जास्तीनं मांडेल व्हतं," झुलाल म्हणाला. "कोन मांडं, कोनले माहीत नही. तठे कोनी बसनं नही. पंगत उठनी तं पान पाह्यं. पुरनना मांडा तसाच पडेल. भरीत तेवढं बोटंघाई पुसीसन खायेल."

"कुत्रं असेल."

"कुत्रं मांडा सोडीसन भरीत खाई?"

अभिमनने हसायचा प्रयत्न केला. "झुलालभाऊ, तू फौजदार आहेस. तुला पुरावा लागतो."

"मी पुरावाच सांगी राह्यनू." झुलालने आवाज खाली आणला. "रुपचंदना घर दारपावत वना. मना घर पंगतमा बसना. तुना घर कोठपावत येई, अभिमन?"

त्याची नजर आढ्याकडे गेली होती. तिथे पाळण्याच्या कड्या होत्या. पाळणा दोनदा टांगून झाला होता आणि दोनदा रिकामा उतरवला होता. दोन्ही लेकरं बारशाच्या आधीच गेली, नावाशिवाय. प्रमिला त्याबद्दल कधी बोलत नसे. फक्त त्या कड्यांखालून जाताना डोक्यावरचा पदर पुढे ओढून घेई.

झुलाल गेला. अभिमनने त्या दिवशी स्वतःला साफ सांगितलं, की हा मूर्खपणा आहे. पण त्याला भीती वाटत होती, आणि भीती वाटते याची लाजही वाटत होती. हे तिसरं मूल जगावं, यापलीकडे त्याला आता कसलंच मागणं उरलं नव्हतं.

मुलगा झाला. जगलासुद्धा. पण रडला नाही. सुईण म्हणाली, धड आहे, श्वास चांगला आहे, रडेल हळूहळू. दूध पुरेसं प्यायचा नाही. डोळे उघडे ठेवून आढ्याकडे बघत पडून राहायचा, पाहुण्यासारखा, अजून बसायला सांगितलं नाही असा. प्रमिला रात्ररात्र त्याच्या छातीवर हात ठेवून जागी राहायची. "एकदा बारसं होऊ द्या," ती म्हणायची. "नाव पडलं म्हणजे राहील तो."

नाव ठरलं दिनकर. बारशाला अभिमनने कुणाला बोलावलं नाही. त्याची थोरली बहीण धुरपदाअक्का गावाहून आली, शेजारच्या दोघी बायका आल्या, बस्स. अक्काला कानाने कमी ऐकू यायचं, म्हणून सकाळपासून तिला नाव पढवून ठेवलं होतं. ती ते ओठांतल्या ओठांत घोळवत होती आणि दर थोड्या वेळाने विसरत होती. रुपचंद दुकान उरकून दुपारी चांदीचे वाळे घेऊन येणार होता.

बायका पाळण्याभोवती जमल्या तसा अभिमन उठला आणि त्याने पुढचं दार लावून कडी घातली.

"अरे, बारसाना दिन दार कोन लाई लेस?" अक्का म्हणाली.

"वारा येतो, अक्का. बाळाला बाधेल."

वारा कसला? बाहेर झाडाचं पान हलत नव्हतं. अक्काने त्याच्याकडे पाहिलं, मग प्रमिलाकडे, आणि पुढे काही विचारलं नाही.

बाळाला पाळण्यात घातलं. पाळण्याखाली दिवा ठेवला. बायका हलक्या आवाजात गाऊ लागल्या. बाळ उघड्या डोळ्यांनी वर बघत होतं.

गाणं संपलं. अक्का पाळण्यावर वाकली. मग थबकली, मान वळवून म्हणाली, "काय नाव शे रे भाऊ? मी परत भुली गऊ."

तेवढ्यात दाराची कडी वाजली.

जोरात नाही. शाळेच्या दारावर वाजवावी तशी, अदबीने.

प्रमिलाने अभिमनकडे पाहिलं.

"कोन वना?" अक्काने विचारलं. तिला कडी ऐकू आली नव्हती. सगळ्यांची तोंडं दाराकडे वळलेली तिने पाहिली होती.

अभिमन दारापाशी गेला. त्याने फटीला डोळा लावला.

बाहेर रुपचंद होता. तांबडा फेटा, हातात रुमालात बांधलेले वाळे, कपाळावर घाम.

अभिमनच्या छातीवरचा धोंडा उतरला. त्याला हसू आलं, रडूही आलं. इतक्या वर्षांत बाहेर न पडलेली घरची बोली त्या सुटकेत त्याच्या तोंडून आपोआप निघाली. मागे वळून तो मोठ्याने म्हणाला, "रुपचंद वना!"

आणि त्याने दार उघडलं.

रुपचंद उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. त्याची नजर अभिमनच्या खांद्यावरून आत गेली होती.

"ये ना. कडी वाजवून उभा काय राहिलास?"

"कडी मी नाही वाजवली," रुपचंद म्हणाला. "मी आत्ता कोपऱ्यावरून वळलो. माझ्या पुढे एक जण चालला होता. तुझ्या दाराशी येऊन त्याने कडी वाजवली. मला वाटलं, तू त्यालाच दार उघडलंस." त्याने ओठ ओले केले. "आत्ता आत गेला की तो."

घरात अक्काचा आवाज चढला.

"कुर्रर्र!"

बायकांनी रिवाजाप्रमाणे हसत तिच्या पाठीत धपाटे घातले. त्या हशातून एक नवाच आवाज निघाला. बाळ रडलं होतं. पहिल्यांदाच, खणखणीत, भरल्या फुप्फुसांनी.

अभिमन धावत आत आला. प्रमिला रडत होती आणि हसत होती. पाळण्याची दोरी तिने दोन्ही हातांनी धरली होती.

"अक्का, काय नाव सांगितलंत?" अभिमनने विचारलं.

"तूच नही का वरडना?" अक्का पाठ चोळत म्हणाली. "काय नाव शे, म्हनी ईचारं, तं तू दारमाईन वरडना, माले शेवटलं तेवढंच ऐकू वनं. वना."

शेजारच्या बायकांना त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. खानदेशात वना नावाचे पुष्कळ.

"ते नाव नव्हतं, अक्का. रुपचंद आला, एवढंच मी म्हणत होतो. पुन्हा सांगा कानात. दिनकर म्हणा."

"कानमा पडनं ते पडनं. ते काय परत निंघस?" अक्का जरा दुखावली. मग पाळण्यात बघून तिचा चेहरा निवळला. "आनि चांगलं झायं ना भाऊ. वना म्हंजे वना. आते हाऊ कोठेच जावाव नही."

प्रमिलाने डोळे पुसले. "राहू द्या," ती अभिमनला म्हणाली. "बघा तरी, कसा रडला. जगेल तो आता. मला तेवढं पुरे."

तिला शाळेतली गोष्ट कुणी कधी सांगितली नव्हती. तिच्या तोंडावर दोन वर्षांत न दिसलेला उजेड होता. अभिमनने तो पाहिला आणि तोंडाशी आलेलं सगळं गिळलं.

रुपचंद अजून उंबऱ्याबाहेरच होता. बायका घुगऱ्या आणायला स्वयंपाकघरात गेल्या. त्यांच्या मागून प्रमिलाही गेली, ताठ चालत, कड्यांखालून पदर न ओढता.

रडणं थांबलं होतं. अभिमन पाळण्यापाशी गेला.

बारा दिवसांच्या पोराचा हात कानशिलाच्या वर पोचत नाही. हे तो विज्ञानाचा मास्तर म्हणून जाणत होता, आणि खेड्यात वाढलेला माणूस म्हणूनही.

बाळाचा उजवा हात डोक्यावरून पलीकडे गेला होता. इवल्या बोटांनी डावा कान धरला होता. तोंडावर ना हसू ना रडू. ते अभिमनकडे बघत होतं.

कितीतरी वेळ ते तसंच राहिलं. हात थकला नाही. शेवटी अभिमनच्याने राहवेना.

"ये," तो हळूच म्हणाला. "बस."

बाळाने कान सोडला.